खिडकी क्रमांक तीन

सत्तावीस हंगाम मी या काचेमागे बसले.
काचेच्या तळाशी अर्धचंद्राएवढी फट,
तिच्यातून आत यायचे हात:
लोकरी मोजे, शाईचे डाग,
एकदा एक पांढरा उंदीर, प्रयोगशाळेतून आलेला.
त्याच्या मालकाला दोन तिकिटं हवी होती.

तेव्हा रांग होती.
बुधवार दुपारपासून तंबू पडायचे
ग्रंथालयाच्या पायरीपासून पार मक्याच्या सायलोपर्यंत.
रात्री पारा शून्याखाली.
कुणी बॅन्जो छेडतंय, कुणी टॉर्च लावून रसायनशास्त्र.
पहाटे मी किल्ल्या वाजवत यायचे
तर चिकटलेल्या पापण्या सोडवत पोरं म्हणायची,
"गुड मॉर्निंग, मिसेस डायक्स्ट्रा,"
जणू सूर्य माझ्याच पर्समध्ये होता.

रांग न्यायी होती, असं मी म्हणणार नाही.
रांगेत उभं राहायला वेळ लागतो
आणि वेळ सगळ्यांच्या खिशात सारखा नसतो.
ऑरिन टेटलो भोजनगृहात पातेली घासायचा,
रात्री अकरा ते सात.
सात वाजून दहा मिनिटांनी खिडकीशी यायचा,
साबणाने सुरकुतलेली बोटं घेऊन,
तोवर मी पाटी फिरवलेली असायची: संपली.
तीन वर्षं.
तो पाटीलाच थँक यू म्हणायचा.

मग समिती आली.
अकरा माणसं, नऊ बैठका, टर्कीची सँडविचेस.
त्यांनी रांग मोडली, संगणकावर सोडत आणली.
सोमवारी दहाला बटण दाबायचं,
दहा वाजून चार मिनिटांनी सगळं खलास.
नशीब आंधळं असतं म्हणे.
असेल. त्याच्या हातातलं काढून घेणारे मात्र चांगले डोळस असतात:
पंधरा डॉलरचं तिकीट दुपारी
जिमच्या मागे एकशे चाळीसला.

आणि शनिवारी?
विभाग एकतीस. विकलेली, रिकामी
ॲल्युमिनियमची बाकं उन्हात चमकत.
बँड त्या बाकांसाठी जीव तोडून वाजवतोय.
फाटकाबाहेर ऑरिन, सायकलला टेकून,
ओरड्यांवरून गुण मोजतोय.

मला कुणी विचारलं नव्हतं.
घोडं कुठे पेंड खातं
हे तबेला झाडणाऱ्याला ठाऊक असतं.
दहाव्या बैठकीला मी कॉफी ठेवायला आत गेले
आणि खुर्ची ओढून बसलेच.
म्हटलं, ज्याला यायचं नाही
त्याने गुरुवारी रात्रीपर्यंत तिकीट परत करावं,
पैसे पुरते मिळतील, एक सेंट कमी नाही.
परत आलेली तिकिटं शुक्रवारी सकाळी, माझ्या फटीतून,
आधी रात्रपाळीवाल्यांना.
न सांगता बाक रिकामं ठेवेल
त्याचं नाव पुढच्या खेपेला यादीच्या तळाशी.
"इतकं सोपं?" डॉक्टर प्रेंटिस म्हणाले,
आवाज जरा दुखावलेला.
मग कुणीतरी विचारलं,
रात्र नेमकी किती वाजता सुरू होते?
त्यावर पाऊण तास गेला.

पहिल्या आठवड्यात एकोणनव्वद तिकिटं परत आली.
ऑरिन सात दहाला हजर.
सवयीने पाटीकडे पाहिलं. पाटी आडवी पडलेली.
मी तिकीट सरकवलं: रांग बावीस.
त्याने हात पँटला पुसले,
पाहिले, पुन्हा पुसले,
मगच उचललं.

त्या शनिवारी खिडकी लवकर बंद करून मी वर गेले.
इतक्या वर्षांत मी सामना पाहिलाच नव्हता,
भिंतीतून यायचा तेवढाच ठाऊक.
पायाच्या नावाचा खेळ, सगळा हातांनीच खेळतात की!
रांग बावीसमध्ये ऑरिन गाढ झोपलेला,
तोंड उघडं,
मान शेजारच्या अनोळखी मुलीच्या खांद्यावर.
चाळीस हजार माणसं उभी राहून किंचाळत होती.
ती मुलगी तेवढी बसून,
एक खांदा अजिबात न हलवता
दुसऱ्या हाताने झेंडा फिरवत.

आम्ही हरलो, बहुतेक.
सोमवारी समितीला आकडा द्यायचा होता.
झोपलेला माणूस हजर धरायचा की नाही
हे नियमात नव्हतं.
मी धरला.